रंगपेटीवरची हळद

मी एक जुनी रंगपेटी आहे, मित्रांनो, आणि आज मला एका जागी बसवत नाही. तसं पाहिलं तर गेली दीडशेहून जास्त वर्षं मी एका जागी बसण्याचंच काम करते आहे. पण आजची गोष्ट वेगळी. बर्मिंगहॅममधल्या एका छोट्याशा चित्रसंग्रहालयात काचेच्या कपाटात मला ठेवलं आहे. अकरा वाजता दार उघडणार. शेजारच्या भिंतीवर एक चित्र आहे, त्याच्याखाली नावाची पाटी आहे आणि पाटीवर अजून एक कोरा कागद चिकटवलेला आहे. त्या कागदाखाली काय लिहिलं आहे ते मला माहीत आहे. तुम्हालाही सांगणार आहे, पण आधी सगळं ऐकून घ्या. अकराला अजून अवकाश आहे.

माझा जन्म फ्रान्समधला. लुआर नदीच्या काठी एका खेड्यात एक सुतार राहत होता. त्याने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. खालच्या खणात रंगांच्या नळ्या, मधे रंग कालवायची पातळ फळी, आणि झाकणाच्या आत चार खाचा. या खाचांचं मला फार कौतुक आहे. नदीकाठी बसून चित्र काढणाऱ्यापुढे मोठा प्रश्न असतो तो ओल्या चित्राचा. हातात धरावं तर अंगठा उमटतो, गवतात ठेवावं तर मुंग्या चिकटतात. म्हणून माझ्या खाचा. पुस्तकाएवढ्या चार फळ्यांवर चार चित्रं काढा, खाचांत सरकवा, झाकण लावा आणि खुशाल घरी जा. एकीचा रंग दुसरीला लागत नाही.

माझ्या धन्यांचं नाव तेओफिल गारांसाँ. पाववाल्याचा मुलगा. पहाटे बापाच्या भट्टीवर पाव भाजायचे आणि उजाडलं की मला काखोटीला मारून नदी गाठायची. माझ्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या नावाची दोन आद्याक्षरं चाकूने कोरली. दुसरं अक्षर कोरताना चाकू सटकला. ते अक्षर अजून लंगडं आहे.

धन्यांच्या दोन सवयी तुम्हाला सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे, ते चित्रावर सही करत नसत. सुताराने एकदा टोकलं, "अरे, नाव तरी घाल." तर म्हणाले, "पुढून नदी, मागून मी." आणि खरोखर, प्रत्येक फळीच्या मागे ते पेन्सिलीने लिहून ठेवत: किती वाजले, वारा कुठला होता, दुपारी काय खाल्लं, चित्र जमलं की फसलं, आणि शेवटी नाव. दुसरी सवय म्हणजे, एका जागेची ते दोन चित्रं काढायचे. एक त्या जागेवरच्या माणसाला द्यायचं. होडी चितारली तर होडीवाल्याला, धुणं चितारलं तर धुणं धुणाऱ्या बाईला. दुसरं स्वतःपाशी. पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी दोनदा चित्रं पाठवली आणि दोन्ही वेळा ती परत आली. एवढंसं चित्र लावायचं कुठे, असं परीक्षकांचं म्हणणं. ज्यांच्या भिंती लहान होत्या त्यांना कधी हा प्रश्न पडला नाही.

मग १८७० साली तिकडे युद्ध पेटलं. धनी मला घेऊन लंडनला आले आणि कॅमडेनमध्ये एका धोबिणीच्या घरी, वरच्या खोलीत राहिले. तिथून त्यांनी गावच्या सुताराला एकच पत्र पाठवलं. "तुझी चार खाचांची पेटी माझ्याजवळ सुखरूप आहे. इथल्या दुकानात एक नवा पिवळा रंग मिळाला आहे. उद्या आगगाडीने मेडनहेडला जाऊन थेम्सवर त्याची परीक्षा घेतो."

त्याप्रमाणे आम्ही गेलो. विटांचा रेल्वेपूल, त्याच्या दोन रुंद सपाट कमानी, काठावर गवताची गंजी आणि एक होडी. धन्यांनी दोन चित्रं काढली. एक होडीवाल्याला दिलं. दुसऱ्याच्या मागे त्यांनी घाईघाईने लिहिलं, आणि तेवढ्यात पावसाची सर आली. चित्राचं तोंड आत करून त्यांनी ती फळी सर्वांत खालच्या, चौथ्या खाचेत दामटली आणि झाकण लावलं. रंग जाड होता. तो तिथेच चिकटला.

ओल्या कपड्यांनी धनी घरी आले. खोकला छातीत उतरला. त्या हिवाळ्यात ते गेले. चौतीस वर्षांचे होते. मला नंतर कोणी नदीवर नेलं नाही.

धोबिणीने माझ्यात बटणं ठेवली. तिच्या नातवाने मासे धरायचे गळ ठेवले. पुढे कोणीतरी खिळे ठेवले आणि मला बागेतल्या शेडमध्ये टाकून दिलं. चौथ्या फळीच्या मागच्या बाजूवर काजळी बसली, गंज बसला, धूळ बसली. ती झाकणाचा तळच आहे असं कोणालाही वाटावं. पेटीला तीनच खाचा, असं सगळे समजून चालले. मी बोलू शकत नाही, मित्रांनो. धन्यांचं शेवटचं चित्र पोटात घेऊन मी तशीच पडून राहिले.

एकोणीस वर्षांपूर्वी मेडनहेडच्या एका मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून जुनं सामान विकायला बसले होते. तिथे प्रमोदिनीबाई आल्या. प्रमोदिनीबाई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. पन्नाशीनंतर त्यांना चित्रं काढायची हुक्की आली. क्लास नाही, गुरू नाही. लायब्ररीतून पुस्तकं आणायची आणि रविवारी थेम्सच्या काठच्या बाकावर बसायचं. त्यांचं पाणी पहिली दोन वर्षं फरशीसारखं दिसायचं. मी नदी चितारताना पाहिलेली आहे, मला कळतं. पण त्या बसत राहिल्या आणि हळूहळू त्यांचं पाणी वाहायला लागलं.

त्यांनी मला घासूनपुसून स्वच्छ केलं आणि पुन्हा रंग भरले. काय सांगू, इतक्या वर्षांनी अंगाला रंगाचा वास आला तेव्हा मला कसं वाटलं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांचे वडील सांगलीला फिटर होते. खंडेनवमीला ते आपले पाने आणि स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्यांची पूजा करायचे, कारण वर्षभर ज्यांच्यावर पोट चाललं त्यांना एक दिवस विश्रांती आणि मान द्यायचा. प्रमोदिनीबाईंनी तसंच मला पाटावर ठेवलं, खोबरेल तेलाचं बोट कडाकडांनी फिरवलं, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. आणि हे दरवर्षी.

त्यांचे यजमान पद्माकरराव, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, दरवर्षी तोच टोमणा मारायचे. "माझ्या स्टेथोस्कोपला हळद लावलीस तेव्हा पेशंटनी विचारलं, डॉक्टर, इन्फेक्शन आहे का. आता या पेटीला काय होतंय बघू."

"तिला काही होत नाही," बाई म्हणायच्या. "तुम्ही गप्प बसा आणि फुलं निवडा."

झालं ते यंदाच्या फेब्रुवारीत. मेडनहेडच्या मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात मृणाल नावाची मुलगी बोलायला आली होती. ती बर्मिंगहॅमची. जुन्या चित्रांची डागडुजी करणं हा तिचा व्यवसाय. तिने पडद्यावर तिच्या संग्रहालयातलं एक छोटं चित्र दाखवलं: विटांचा पूल, गंजी, होडी. होडीवाल्याच्या वंशजांनी ते दिलेलं होतं. कोणीतरी पूर्वी ते दुसऱ्या जाड पाटावर पक्कं चिकटवून टाकल्यामुळे मागची बाजू दिसतच नव्हती. खाली लिहिलं होतं, 'चित्रकार अज्ञात'.

प्रमोदिनीबाई तडक उठून तिच्याकडे गेल्या. "हा पूल माझ्या बाकापासून वीस पावलांवर आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्याकडे एक पेटी आहे. तिच्यावर दोन अक्षरं आहेत."

ती अक्षरं कोणती ते ऐकून मृणालने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. फ्रान्समधल्या त्या गावच्या दप्तरात सुताराला आलेलं पत्र तिने वाचलेलं होतं. हे चित्र गारांसाँचं असणार असा तिला संशय होता, पण पुरावा नव्हता. जून महिन्यात नदीच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. त्याआधी एका शनिवारी समितीची बैठक होती. पुरावा मिळाला तर चित्राखाली धन्यांचं नाव लागणार. नाही तर चित्र परत गोदामात.

मृणाल घरी आली, माझे फोटो काढले, कापसाच्या बोळ्याने अंगावरचे रंग टिपून नेले. जाताना मात्र तिचा चेहरा पडला होता. "काकू, पत्रात चार खाचा लिहिल्यात. हिला तीनच आहेत. समिती म्हणणार, ही ती पेटी नव्हेच."

मी आतून ओरडत होते. पण पेटीचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

तीन आठवड्यांनी, बैठकीच्या दोन दिवस आधी, ती पुन्हा आली. स्टेशनवरून जवळजवळ पळतच आली असावी, कारण कोट न काढताच तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. टेबलाशी प्रमोदिनीबाई, पद्माकरराव आणि त्यांची लेक आश्लेषा. आश्लेषा इथेच जन्मली, इथेच एका टेक कंपनीत नोकरी करते, आणि तिचं मराठी मला फार आवडतं, कारण त्यात कोण पुरुष आणि कोण स्त्री हे तिच्या मर्जीवर असतं.

"काकू, रिझल्ट आला," मृणाल म्हणाली. "पेटीवर सगळीकडे एक पिवळा रंग आहे. खाचांच्या कडांना, अक्षरांमध्ये. लॅबने सांगितलं, तो वनस्पतीचा आहे. काय असेल सांगा."

उत्तराची वाट न पाहता तीच पुढे म्हणाली,

"हळद. प्रॉपर हळद. तेलात कालवलेली. पत्रात आहे ना, लंडनच्या दुकानात नवा पिवळा मिळाला? तो हा. त्या वेळी बंदरात आपल्याकडून हळद येतच होती. एक फ्रेंच चित्रकार, थेम्सचं ऊन, आणि आपली हळद. खाचा तीन असू देत की चार, हे असं दुसऱ्या कोणत्याच पेटीवर नाही. समितीला हे पुरेल. माझी स्लाइड तयार आहे."

"ओ माय गॉड, आई, तुझं पेटी फेमस होणार," आश्लेषा म्हणाली.

पद्माकररावांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी चहाच्या भांड्याकडे पाहिलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू. माझ्या धन्यांचं नाव दारापर्यंत आलं होतं. बाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी ते आत आलं असतं. आणि ती हळद कोणाची, हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं: मला, बाईंना आणि टोमणे मारणाऱ्या पद्माकररावांना. आश्लेषाचं पूजेकडे कधी लक्षच नसायचं. गप्प बसा, बाई, असं मी मनात म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण म्हटलं.

पद्माकरराव हळूच म्हणाले, "अगं, दूध उतू जाईल."

बाईंनी गॅस बंद केला आणि मृणालसमोर येऊन बसल्या. "मृणाल, ती हळद माझी आहे."

"तुमची म्हणजे?"

"मी लावते. दर खंडेनवमीला. एकोणीस वर्षं. हळद, कुंकू, खोबरेल. तू टिपलंस ते माझ्या बोटाचं."

मृणालने कोट काढला. सावकाश घडी घातली. "आमच्याकडे हे नसतं," ती म्हणाली. "आम्ही बौद्ध. आमच्या घरी हळद फक्त डाळीत. पेटीला कोणी हळद लावेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि कोणी रंग तपासेल असं माझ्या डोक्यात आलं नाही," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं सॅम्पल तपासली मी. कोणी सॅम्पलमध्ये बोट घातलं तर त्याला दम भरायचे. आणि स्वतः तेच केलं."

आश्लेषा म्हणाली, "पण आई, कोणाला कळलं असतं? तू सांगायला नको होती."

उत्तर मृणालने दिलं. "मला कळलं असतं. कधीतरी. आमचे आजोबा मिलमध्ये होते, वुल्व्हरहॅम्प्टनला. आम्ही शाळेतून काहीही शिकून आलो की विचारायचे, कशावरून? आम्ही कंटाळायचो. आता तोच माझा पगार आहे." आणि तिने ती स्लाइड उघडली, तिच्याकडे जरा पाहिलं आणि पुसून टाकली.

धन्यांचं नाव पुन्हा दाराबाहेर गेलं. आणि तरी, खरं सांगते, मला त्या दोघींचा फार अभिमान वाटला. खोटी सही धन्यांनी कधी केली नव्हती. ते तर खरीही करत नसत.

पद्माकररावांनी स्वतः उठून चहा गाळला. ही घटना त्या घरात वर्षातून एकदाच घडते.

चहा पिता पिता मृणाल म्हणाली, "काकू, रिपोर्ट बदलावा लागेल. हळद नेमकी कुठे कुठे लागली ते लिहायला हवं. तुम्ही कसं करता ते दाखवा ना. तेल नको, नुसतं बोट."

बाईंनी मला पुढ्यात ओढलं. झाकण उघडलं. "आधी कडा. मग अक्षरं. मग झाकणाच्या आत, इथे तळाशी. इथे मात्र दोनदा लावते."

"दोनदा का?"

"इथलं लाकूड तेल फार पितं. बाकीकडे तेल वर राहतं, पुसावं लागतं. इथे लावलं की गायब. गेल्या खेपेला तर चार थेंब गेले."

मृणालने कप खाली ठेवला. "तळाचं लाकूड पितं?"

"दरवर्षी."

"अक्रोड असं पीत नाही, काकू." तिने पिशवीतून छोटी टॉर्च काढली, मला कुशीवर वळवलं आणि तळाच्या कडेला उजेड पाडला. तिचा श्वास मला लागत होता. केसाएवढी एक रेघ. बाईंच्या बोटाने एकोणीस वर्षं ज्या रेघेवरची काजळी थोडी थोडी सैल केली होती ती रेघ. आणि त्या रेघेत हळद उतरलेली, म्हणून ती पिवळी चमकत होती.

"हा तळ नाही," मृणाल म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "ही फळी आहे. चौथी."

"मग काढ ना," आश्लेषा म्हणाली. "मी चाकू आणू?"

"कोणी काही आणायचं नाही," मृणाल आणि प्रमोदिनीबाई एकदमच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी, शालीत गुंडाळून, मृणालच्या मांडीवर बसून मी बर्मिंगहॅमला आले. बाईंनी फॉर्म भरला. 'पेटी परत कधी हवी' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'खंडेनवमीच्या आधी'. शेजारी तारीखही घातली, कारण तिथल्या क्लार्कला खंडेनवमी कुठून कळणार.

ती फळी निघायला पूर्ण एक दिवस लागला. जरा ऊब, जरा पातळ सुरी, आणि पुष्कळ धीर. ती सुटली तेव्हा मला आधी रितं वाटलं, आणि मग इतकं हलकं वाटलं की झाकण वर उडतं की काय. पूल, होडी, गंजी. तोच काठ, होडी फक्त दोन हात पुढे सरकलेली. आणि गंजी काय पिवळी म्हणता, डोळ्यांत भरणारी. दीडशे वर्षं अंधारात राहून तिचा रंग तसूभर उतरला नव्हता.

मृणालने फळी उलटून, बाईंच्या घासण्यानेही न निघालेली मागची काजळी पुसली, वाचलं, आणि लगेच मेडनहेडला फोन लावला.

"काकू, ऐका. 'चार वाजले. वारा पश्चिमेचा. पाव आणि कांदा. दोनपैकी एक होडीवाल्याला दिलं. नवा पिवळा फसला, फारच भडक. पुन्हा घेणार नाही.' आणि खाली पूर्ण नाव. तेओफिल गारांसाँ."

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग बाई म्हणाल्या, "भडक म्हणाले? बरं झालं, माझी हळद त्यांनी पाहिली नाही."

मृणाल हसली आणि मग तिने डोळे पुसले. शनिवारी समितीने तिचं दहा मिनिटं ऐकलं आणि एका मिनिटात ठरवलं.

आता बाहेर पावलं वाजताहेत. अकरा वाजले वाटतं. ते पाहा, निळी साडी आणि वर, जून असूनही, जाड कोट, त्या प्रमोदिनीबाई. मागे पद्माकरराव, त्यांना कपाटाच्या कुलपाची काळजी. आश्लेषा फोन वर धरून. मृणाल पाटीवरचा कागद सोडवते आहे. एक कोपरा सुटला. दुसरा सुटला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी असेल. एखादा अडकित्ता, शिवणयंत्र, आजोबांची छिन्नी. त्यांना माळ्यावर टाकू नका, हातात घ्या. वर्षातून एकदा तरी कडाकडांनी बोट फिरवा आणि कुठे काय वेगळं लागतं ते लक्षात ठेवा. तेल मात्र कोणाला तरी विचारून लावा. मृणालने बाईंना आता कोरडं फडकं दिलं आहे. हळदकुंकू माझ्यापुढे कागदावर वाहायचं, असं दोघींचं ठरलं आहे. आणि वस्तूबद्दल कोणी विचारलं तर खरं तेच सांगा, गळ्याशी आलं तरी सांगा. आमच्या पोटात काय आहे ते खऱ्या बोटालाच सापडतं.

कागद निघाला. भिंतीवर धन्यांचं नाव आहे, पूर्ण, स्वच्छ, आणि या वेळी पुढच्या बाजूला. बाई ते दोनदा वाचतात. मग माझ्या कपाटाकडे वळतात आणि माझ्याखालची छोटी पाटी वाचायला चष्मा लावतात. ती पाटी मृणालने कोणाला न विचारता लिहिली आहे.

'अक्रोडाची रंगपेटी. तेओफिल गारांसाँ यांची. पिवळे डाग पुसलेले नाहीत. हळद: प्रमोदिनीबाई, मेडनहेड.'

पद्माकरराव मागून वाचतात आणि म्हणतात, "फुलं मी निवडायचो, त्याचं काय?"